कुलूप एक, कथा सहा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते टोपणनाव घेतलं होतं. हस्ताक्षर कुणाच्या ओळखीचं निघू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. नारळीकरांना पद्मभूषण मिळून तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि खगोलशास्त्रात त्यांचं नाव जगभर पोचलं होतं. कथालेखनात मात्र ते नवखे होते, आणि नवख्यानं जिथे उभं राहायचं तिथेच, स्पर्धेच्या रांगेत, जाऊन उभे राहिले.

मराठीत असं फार घडत नाही. सामाजिक कादंबऱ्यांवर नाव कमावलेला लेखक टोपणनावानं रहस्यकथेच्या स्पर्धेत उतरला, किंवा भयकथा लिहिणारा लेखक आपली पहिली विनोदी कथा घेऊन शिबिरात नवोदितांच्या शेजारी बसला, असं सहसा ऐकू येत नाही. नाव एकदा ज्या खणात पडलं, त्याच खणात ते राहतं. आणि याची सुरुवात लेखक नावारूपाला आल्यावर होत नाही. तो शिकत असतानाच होते.

कथालेखनाची शिबिरं आता तालुक्याच्या गावीही भरतात. दोन दिवस, चार-पाच सत्रं, मधे चहा-नाश्ता, शेवटी प्रमाणपत्र आणि एक सामूहिक फोटो. तिथे सांगितलं जातं ते बहुधा असं असतं: जगलेलं लिहा, माणसं न्याहाळा, भाषा साधी ठेवा, उपदेश टाळा. यातलं काहीच चूक नाही. तरी या सल्ल्यातून वर्षानुवर्षं एकाच वाणाची कथा पिकते. गाव सोडून शहरात आलेला मुलगा, वृद्धाश्रमातली आई, लोकल पकडून दमून घरी आलेली बाई, दुष्काळात बैल विकणारा शेतकरी. विषय खोटे नाहीत आणि त्यांतली दुःखंही खोटी नाहीत. पण स्पर्धेच्या परीक्षकाला अशा पन्नास कथा वाचताना पहिल्या परिच्छेदातच शेवट दिसू लागतो, कारण लिहिणाऱ्याला दुसरी कुठली बांधणी कधी शिकवलेलीच नसते.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचाही नाही. कथा लिहायला शिकणाऱ्याला सुरुवातीच्या वर्षांतच रहस्य, गूढ, विज्ञान, विनोद, इतिहास आणि मुलांची गोष्ट या सगळ्या वाटांवरून चालवलं पाहिजे. पुढे जाऊन त्यानं वास्तववादी सामाजिक कथाच लिहिली तरी हरकत नाही. उलट ती चांगली उतरावी, यासाठीच हा खटाटोप.

मराठी कादंबरी जन्मली तेव्हा या वाटा इतक्या वेगळ्या नव्हत्या. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांची दैना मांडली. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, ती अद्भुतरम्य. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली, ती शिवकाळातली. म्हणजे अवघ्या चौदा वर्षांत सामाजिक, अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक अशा तिन्ही तऱ्हा मराठीत उभ्या राहिल्या. पुढे हरी नारायण आपट्यांनी तर एकाच साप्ताहिकाच्या पानांवर दोन वेगळ्या जगांत ये-जा केली. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ सुरू केलं. त्यातच यमूच्या तोंडून सांगितलेली ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः आली आणि त्यातच ‘उषःकाल’ही. एका कादंबरीत घराच्या माजघरात कोंडलेली मुलगी स्वतःची हकिकत सांगते, दुसरीत किल्ले, कारस्थानं, वेशांतरं. पुढच्या आठवड्याच्या अंकाची वाट पाहायला लावणं दोन्हीकडे सारखंच गरजेचं होतं. हरिभाऊंना कुणी विचारलं नाही, की तुमचं खरं क्षेत्र कोणतं. आणि नियतकालिकाचं नाव चक्क ‘करमणूक’ ठेवायला त्यांना संकोचही वाटला नाही.

मग भिंत कधी उभी राहिली? ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कादंबरीचं तंत्र शिकवता येतं, असं ठणकावून सांगितलं. कथानकाची गुंफण, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, निरगाठ-उकल ही भाषा मराठी लेखकांच्या तोंडी रुळवण्यात त्यांचा वाटा मोठा. पण फडक्यांचं तंत्र फडक्यांच्याच कादंबऱ्यांत इतकं गुळगुळीत झालं, की पुढच्या पिढीला तंत्राचीच शिसारी आली. नवकथेच्या काळात ‘अनुभवाशी प्रामाणिक राहणं’ हा परवलीचा शब्द झाला. ‘सत्यकथा’ मासिकानं आणि श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी मराठी कथेला जी उंची दिली, ती वादातीत आहे. मात्र त्याच काळात असा समज पक्का झाला, की बांधणी, उत्कंठा, कलाटणी या गोष्टी फिरत्या लायब्ररीतल्या पुस्तकांसाठी आणि सूक्ष्मता तेवढी साहित्यासाठी. घराघरांत ‘सत्यकथा’ टेबलावर असे आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार उशीखाली. वाचणारा बहुतेक वेळा एकच असे.

गंमत अशी, की नवकथेच्या अध्वर्यूंनी स्वतः ही भिंत फारशी मानली नाही. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक. मनाच्या तळाशी चालणाऱ्या हालचाली टिपणारी कथा त्यांनी मराठीत रुजवली. त्यांनीच बंडूच्या विनोदी कथा लिहिल्या, टिळकांच्या आयुष्यावर ‘दुर्दम्य’ लिहिली आणि जगन्नाथ शंकरशेटांच्या मुंबईवर ‘प्रारंभ’ लिहिली. व्यंकटेश माडगूळकरांचा प्रवास तर शिकणाऱ्यानं नकाशासारखा समोर ठेवावा असा आहे. ‘माणदेशी माणसं’मध्ये व्यक्तिचित्रं, ‘बनगरवाडी’त धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर आणि दुष्काळ, मग नाटकं, वगनाट्यं, चित्रपटांचे संवाद, आकाशवाणीसाठी लेखन, शिकारीच्या आणि रानवाटांच्या हकिकती. या सगळ्याच्या शेवटाकडे ‘सत्तांतर’ येते, वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या लढाईची कादंबरी. ही वानरं इसापाच्या गोष्टीतल्यासारखी शहाणपणाचे संवाद म्हणत नाहीत. म्हणजे संवादात हातखंडा असलेल्या लेखकानं संवादाशिवाय संघर्ष उभा करायचं आव्हान स्वतःवर ओढवून घेतलं. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘बनगरवाडी’नंतर त्याच धर्तीच्या आणखी चार कादंबऱ्या लिहून त्यांना सुखानं राहता आलं असतं.

जी. ए. कुलकर्णींचं नाव घेतलं की लोक आवाज खाली आणतात, आणि मग ते काय काय लिहीत होते ते विसरतात. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ या सुरुवातीच्या संग्रहांतली माणसं घरादारात, नात्यागोत्यात अडकलेली आहेत. ‘रमलखुणा’पर्यंत येताना ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’सारख्या दीर्घकथांत ना ओळखीचं गाव उरतं ना काळ, राजे, वाळवंटं, भविष्यवाण्या यांच्या त्या कथा आहेत. आजच्या दुकानात त्या नव्यानं आल्या असत्या तर कुणीतरी त्यांना ‘फँटसी’च्या फळीवर ठेवलं असतं. हेच जी. ए. लहान मुलांसाठी ‘बखर बिम्मची’ लिहितात, आणि हेच कॉनरॅड रिक्टरच्या अमेरिकन जंगल-वसाहतीच्या कादंबऱ्या एकामागून एक मराठीत आणतात. गूढ आणि दुर्बोध म्हणून ज्यांची ख्याती, त्या माणसानं बिम्मसाठी वाक्यं किती लहान आणि हलकी केली आहेत, हे नवोदितानं मुद्दाम पाहावं.

आता प्रत्यक्ष काय शिकायचं? हे प्रवचनानं समजत नाही, म्हणून एक अभ्यास घेऊ. प्रसंग साधा आहे. एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं कुलूप तीन दिवस उघडलेलं नाही. आत एकटे राहणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, किंवा नाहीत.

रहस्यकथा लिहायची असेल तर पहिली ओळ लिहिण्यापूर्वी शेवट ठरवावा लागतो. दुसरी किल्ली कुणाकडे आहे? दाराशी दुधाच्या पिशव्या तीन हव्यात, दोनच का आहेत? हा फरक वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचा, पण त्याचं लक्ष भलतीकडे वळवून. माहिती उघड्यावर लपवण्याची ही कला वास्तववादी कथेलाही तितकीच लागते, कारण तिथेही नवरा-बायकोच्या भांडणात खरी गोष्ट कुणी सरळ बोलत नाही. सुहास शिरवळकरांचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास, फिरोज इराणी असे नायक घेऊन त्यांनी ढिगानं रहस्यकथा लिहिल्या आणि मग १९८२ साली ‘दुनियादारी’ आली. कॉलेजच्या कट्ट्यावरची मैत्री-प्रेमाची ही कादंबरी. पण बारमध्ये बसणारा एम. के. श्रोत्री नेमका कोण आणि नायकाच्या घराशी त्याचा संबंध काय, हे लेखक ज्या बेतानं उशिरा उघडतो, तो बेत त्यांनी रहस्यकथांत गिरवून गिरवून पक्का केला होता. पुस्तकाला तीस वर्षं झाल्यावर, २०१३ साली, त्यावरचा चित्रपट गर्दी खेचतो, याचं श्रेय नुसत्या स्मरणरंजनाला देऊन चालणार नाही.

तेच कुलूप गूढकथेत घेतलं तर किल्ली कुणाकडे, हा प्रश्नच मागे पडतो. कुलूप बाहेरून आहे आणि रात्री आतून कडी वाजते, एवढं पुरतं. मात्र ही कडी वाजण्यापूर्वी जिन्यातला मिणमिणता दिवा, शेजारच्या घरातली फोडणी, पायपुसण्यावरचं पुसट ‘सुस्वागतम्’ हे सगळं वाचकाला ओळखीचं वाटलं पाहिजे. भीती परक्या जागी लागत नाही. नारायण धारपांनी हे ओळखलं होतं. त्यांची पात्रं नोकरदार, चारचौघांसारखी, निवेदन जवळजवळ रूक्ष, आणि त्या रूक्षपणामुळेच पुढचं खरं वाटतं. ‘तुंबाड’ या २०१८ च्या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेचं बीज आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारं. एक भयकथाकार आणि कोकणचा एक प्रादेशिक कादंबरीकार असे एकाच पडद्यावर भेटले, ते सिनेमावाल्यांमुळे. साहित्याच्या चर्चासत्रात ते कधी शेजारी बसले नसते.

रत्नाकर मतकरी हे या बाबतीत मराठीतलं सर्वांत मोठं उदाहरण. बँकेत नोकरी करत त्यांनी गूढकथा लिहिल्या, १९६२ साली ‘बालनाट्य’ संस्था काढून मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ केली, दलितांवरच्या अत्याचारावर ‘लोककथा ७८’ उभं केलं, आणि महाभारतातल्या थकलेल्या म्हाताऱ्यांना घेऊन ‘आरण्यक’ लिहिलं. मुलांचा प्रेक्षक कंटाळला की चुळबुळतो, मोठ्यानं बोलतो, शू लागली म्हणून उठतो. त्याच्यासमोर वर्षानुवर्षं नाटक केलेल्या माणसाला गूढकथेत एकही वाक्य फुकट घालवणं परवडत नाही. मतकरींच्या कथा आखूड आणि घट्ट का, याचं उत्तर ‘अलबत्या गलबत्या’तल्या चेटकिणीकडेही आहे.

विज्ञानकथेसाठी कुलूप घेतलं तर एकच नियम बदलायचा आणि बाकीचं जग जसंच्या तसं ठेवायचं. समजा, बाहेर तीन दिवस गेले आणि घरात तीनच मिनिटं. मग गॅसवरच्या दुधाचं काय? फोनवर साठलेल्या मिस्ड कॉलचं काय? अमेरिकेतल्या मुलीनं घाबरून तिकीट काढलं, ती पोचेल तेव्हा बाबा कपात चहा ओतत असतील का? इथे नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन पोचतात. नारळीकर तिथे रणांगणाची वर्णनं करत बसत नाहीत. पंत रेल्वेनं मुंबईला जातात, तेव्हा डब्यांवर, स्टेशनांवर, इमारतींवर वेगळा इतिहास दिसत जातो. ईस्ट इंडिया कंपनी अजून आपला बाडबिस्तरा राखून आहे. ज्या कचेरीत स्वतःचा मुलगा असायला हवा, तिथे त्या नावाचा माणूसच नाही. मग ग्रंथालयात जाऊन ते आपल्याच इतिहासाचे खंड उलटतात आणि पेशवेपुत्र विश्वासरावाच्या कानाजवळून निघून गेलेल्या गोळीपाशी येऊन थांबतात. एक गोळी इंचभर इकडची तिकडे, एवढाच बदल. इतिहास, विज्ञान आणि एका बापाची घालमेल या तिन्ही गोष्टी थोड्याच पानांत मावल्या आहेत, आणि मावल्या त्या बदलाला लेखकानं घातलेल्या शिस्तीमुळे. अरुण साधूंचं नाव ‘सिंहासन’ या राजकीय कादंबरीशी जोडलेलं आहे, पण ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरीही त्यांचीच, याची आठवण इथे द्यायला हवी.

विनोदी कथेत कुलूप तोडण्याचा खर्च मेंटेनन्समधून करायचा की सभासदाच्या खात्यावर टाकायचा, यावर सोसायटीची तातडीची सभा भरेल. कोरमअभावी ती अर्धा तास तहकूब होईल आणि त्याच जागी पुन्हा भरेल. विनोद शिकवतो तो वेग, आणि पात्राला स्वतःचं हसू येत नसतं ही जाण. चिमणराव लिहिणारे चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषेचे अभ्यासक होते आणि त्यांनी जातककथा मराठीत आणल्या. अडीच हजार वर्षं तोंडातोंडी घासून लहान झालेल्या गोष्टींचा सहवास चिमणराव-गुंड्याभाऊंच्या फजित्यांना उपयोगी पडला नसेल, असं मानणं कठीण आहे.

मुलांच्या गोष्टीत ज्याचा चेंडू त्या घराच्या बाल्कनीत गेला आहे, तो मुलगा नायक. त्याला पाइपावरून चढायचंय, विचार करायला वेळ नाही. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या फास्टर फेणेचं सगळं चैतन्य या घाईत आहे, आणि ज्यूल व्हर्न मराठी मुलांसाठी आणताना भागवतांचा हात त्यावर बसलेला आहे.

आणि हेच कुलूप १८९७ च्या पुण्यात लावा. गावात प्लेग आहे, प्लेग अधिकारी रँडच्या हुकमानं गोरे शिपाई घरं तपासत फिरत आहेत. आता बंद दाराचा अर्थच पालटतो. आतली माणसं पळाली आहेत, की आजारी माणसाला लपवून बाहेरून कुलूप लावून घेतलंय? शेजारी शिपायांना सांगतील का? ऐतिहासिक कथा म्हणजे पल्लेदार संवाद आणि तलवारी, ही समजूत या एका प्रश्नानं गळून पडते. काळ बदलला की साध्या वस्तूचा धोका बदलतो, हे कळण्यासाठी शिकणाऱ्यानं एक तरी कथा दुसऱ्या शतकात नेऊन ठेवावी.

आक्षेप येणारच, आणि त्यांतला एक वजनदार आहे. सगळीकडे हात घालणाऱ्याला कशातच गती येत नाही. शेतकी शास्त्राचे प्राध्यापक अरविंद गोखले आयुष्यभर कथाच लिहीत राहिले. कादंबरीकडे, नाटकाकडे वळले नाहीत, आणि त्या एकनिष्ठेतून त्यांनी कथेचे किती आकार शोधले. ते खरंच आहे. पण गोखल्यांनी एकच साहित्यप्रकार निवडला, तो पुरेसं वाचून, लिहून आणि समजून. दुसरं काही येतच नाही म्हणून एका प्रकारात राहणं वेगळं.

दुसरा आक्षेप दर्जाचा. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. एवढ्या वेगात कच्चं लिहिलं जाणारच, आणि त्यांतलं बरंचसं आज वाचवत नाही, हे कबूल करायला हवं. मात्र दर्जाचा हिशेब करताना सामाजिक कथेच्या वाट्याला तिचे उत्तम नमुने आणि रहस्यकथेच्या वाट्याला तिचे वाईट नमुने, अशी मापं लावली जातात. दरवर्षीच्या दिवाळी अंकांत छापून येणाऱ्या सगळ्या हळव्या कथांची रास एकदा अर्नाळकरांच्या राशीशेजारी ठेवून पाहावी.

तिसरा मुद्दा उसनवारीचा. तो टाळता येणार नाही. मराठीत रहस्य आणि भय या प्रकारांत परकी कथानकं नाव न घेता उचलण्याची सवय जुनी आहे. धारपांच्या ‘लुचाई’त स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ वाचकांनी केव्हाच ओळखली. शिकताना दुसऱ्याचं कथानक आपल्या गावात उतरवून पाहणं हा उत्तम व्यायाम आहे. छापताना मूळ लेखकाचं नाव दिलं नाही तर ती चोरी. दोन्ही गोष्टी शिबिरात एकाच श्वासात सांगितल्या पाहिजेत.

अनुवाद हा त्याहून सरळ आणि कष्टाचा मार्ग. ‘सत्यकथा’त इतरांच्या कथांवर मेहनत घेणाऱ्या राम पटवर्धनांनी ‘द यर्लिंग’चं ‘पाडस’ केलं, ते आजही नव्यानं वाचलं जातं. एखाद्या चांगल्या रहस्यकथेची पहिली दहा पानं अनुवादित करताना तिचा लेखक वाक्य कुठे तोडतो, नाव कधी सांगतो, हवामान कधी आणतो, हे जितकं उमगतं तितकं चार व्याख्यानांतून उमगत नाही. विलास सारंगांचं ‘सर्जनशोध आणि लिहिता लेखक’ हे मराठीतल्या मोजक्या पुस्तकांपैकी एक, जिथे लेखनाकडे लिहिणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं आहे. कथालेखनाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात ते असायला हवं.

वाचक कधीच एका खणात नव्हता. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ मासिक काढलं तसं अद्भुताला आणि रहस्याला वाहिलेलं ‘नवल’ही काढलं, आणि दोन्ही चाललं. २०१७ साली भारतात आलेल्या स्टोरीटेल या ऑडिओबुक ॲपवर मराठी माणूस भांडी घासताना, गाडी चालवताना गोष्टी ऐकू लागला. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही, त्यामुळे तिथे कोण बोलतंय आणि आपण कुठे आहोत हे पहिल्या दोन वाक्यांत कळावं लागतं. ज्यानं कधी उत्कंठेची एकही गोष्ट लिहिलेली नाही, त्याची तिथे गाळण उडते. वेब मालिकांच्या लेखनखोल्यांतही तेच. काम आहे, पैसेही बरे आहेत, आणि तयार हात कमी आहेत. हृषीकेश गुप्त्यांसारखा लेखक ‘अंधारवारी’च्या भयकथांपासून ‘दंशकाल’सारख्या ऐसपैस कादंबरीपर्यंत पोचतो, तेव्हा हा रस्ता चालण्याजोगा आहे याचा ताजा पुरावा मिळतो.

दिवाळी अंकांच्या संपादकांकडे लेखकांना निमंत्रणं पाठवण्याचं काम दर उन्हाळ्यात असतंच. यंदा त्या पत्रांत एक ओळ वाढवावी: ज्यांची सामाजिक कथा दरवर्षी येते त्यांच्याकडे रहस्यकथा मागावी, भयकथा लिहिणाऱ्यांकडे विनोदी, आणि इतिहासात रमणाऱ्यांकडे मुलांची गोष्ट. चार फसतील, छापू नयेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, महाविद्यालयांकडे मराठीचे विभाग आहेत, गावोगावच्या वाचनालयांकडे सभागृहं आहेत. पुढच्या शिबिराच्या पत्रिकेत ‘कथालेखन’ असं एकच सत्र न छापता प्रत्येक प्रकाराला एक अशी सहा सत्रं छापावीत, आणि त्यांतलं निदान एक रहस्यकथांवर संसार चालवलेल्या लेखकाकडे सोपवावं.